अठ्ठावीस बाटल्या : व्हिटॅमिन डीच्या एका रुग्णाची पूर्ण हकीकत

(काकूंच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.)

जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडमधल्या माझ्या दवाखान्यात एका काकूंना त्यांचा मुलगा धरून घेऊन आला. वय ६८. काकू मला अडीच वर्षं ओळखत होत्या, पण खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय." जीभ कोरडी पडली होती, ओठ फुटले होते, दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी दोनदा पाणी मागितलं.

मुलाने सांगितलं ते असं. दिवाळीनंतर आईचं जेवणावरचं मन उडालं. मग मळमळ, अधूनमधून उलटी. पोट साफ होईना म्हणून आधी इसबगोल आणि मग एरंडेल झालं. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायच्या. तहान इतकी की उशाशी तांब्याऐवजी कळशी ठेवायची वेळ आली. घरच्यांना वाटलं शुगर आली असणार, पण शुगर अगदी व्यवस्थित निघाली. डिसेंबरात विसरणं सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ पडलं, दिवेलागणीला "सकाळचा चहा झाला का" असं विचारलं गेलं. एका ठिकाणी ॲसिडिटीची गोळी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी स्मरणशक्तीची. मेंदूचा स्कॅनही झाला, तो वयाला साजेसा होता.

वयस्कर माणूस अचानक भ्रमल्यासारखं वागू लागलं की आम्ही आधी सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग, शुगर, थायरॉईड पाहतो. त्या यादीत कॅल्शियमही असायला हवं, आणि ते बऱ्याचदा राहून जातं. त्या दिवशी मी ते लिहिलं. संध्याकाळी लॅबमधून फोनच आला. कॅल्शियम १४.२ मिलिग्रॅम. साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन थोडं कमी होतं, त्याचा हिशोब धरला तर खरा आकडा १४.५. क्रिएटिनिन २.४, म्हणजे मूत्रपिंडंही थकलेली. त्याच रात्री त्यांना भरती केलं आणि सलाईन सुरू झालं.

रक्तात कॅल्शियम एवढं चढण्याची नेहमीची दोन कारणं असतात. एक, गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींपैकी एखादी वाढून तिने जास्त हार्मोन सोडणं. दुसरं, कुठेतरी लपलेला कर्करोग. पॅराथायरॉईडचं हार्मोन आलं ६, म्हणजे जवळजवळ बंद. ग्रंथी निर्दोष होत्या. उलट कॅल्शियम जास्त झालेलं ओळखून त्या गप्प बसल्या होत्या. मग राहिला कर्करोग. मुलाला बाजूला घेऊन मला ते सांगावं लागलं. पुढचे दोन दिवस त्या घराने कसे काढले असतील हे मी विसरू शकत नाही, कारण ते दोन दिवस टळले असते. पहिल्याच संध्याकाळी मी "घरात औषधं कोणकोणती आहेत, सगळी घेऊन या" असं म्हणायला हवं होतं. ते मी तिसऱ्या दिवशी म्हणालो, जेव्हा व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट "१५० पेक्षा जास्त" असा आला. यंत्राची मोजण्याची हद्दच तिथे संपते. नमुना पातळ करून पुन्हा मोजला तेव्हा आकडा निघाला २६८ नॅनोग्रॅम. हाडांना २० पुरतं.

सुनेने मोदकाचा डबा असतो तसा एक मोठा स्टीलचा डबा आणला आणि पलंगावर उपडा केला. त्यात रक्तदाबाची गोळी होती, कॅल्शियमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिप्स होत्या, डीच्या पुड्या होत्या, चार इंजेक्शनांच्या पावत्या होत्या. आणि एका पिशवीत होत्या लहान लहान काचेच्या रिकाम्या बाटल्या. काकूंच्या पिढीत रिकामी बाटली टाकत नाहीत. त्या धुऊन, वाळवून, झाकणं लावून ठेवलेल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात अत्तर भरून वाण द्यायचं त्यांच्या मनात होतं. मी त्या मोजल्या. अठ्ठावीस. प्रत्येकीत ६०,००० युनिट डी. आठवड्याला एक घ्यायची ती बाटली काकूंनी रोज एक, असं अठ्ठावीस दिवस घेतलं होतं.

सलाईनच्या स्टँडखाली बसून सुनेने आणि मी कागदावर बेरीज केली. गुडघेदुखीसाठी एका दवाखान्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहा-सहा लाख युनिटची चार इंजेक्शनं दिली होती, म्हणजे २४ लाख. अठ्ठावीस बाटल्यांचे १६ लाख ८० हजार. मुलाने ऑनलाइन मागवलेल्या पुड्या आठवड्याला एक, वीस आठवडे, म्हणजे आणखी १२ लाख. एकूण ५२ लाख ८० हजार युनिट, पाच महिन्यांत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे माणसाला दिवसाला ६०० युनिट लागतात. त्या हिशोबाने काकूंच्या शरीरात चोवीस वर्षांचं डी गेलं होतं.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि या प्रकरणातली मला सगळ्यात जड वाटणारी गोष्ट हीच आहे. इंजेक्शन देणाऱ्याला पुड्यांची माहिती नव्हती. पुड्या मागवणाऱ्या मुलाला इंजेक्शनात डी आहे हे ठाऊक नव्हतं, त्याला ते "गुडघ्याचं इंजेक्शन" वाटलं. बाटल्या लिहून देणाऱ्याने "आठवड्यातून एकदा" असं इंग्रजी अक्षरांच्या खुणेत लिहिलं होतं आणि काकूंना ती खूण वाचता येत नव्हती. आणि या साखळीची पहिली कडी मीच होतो.

२०२१ चा जुलै

काकू माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या जुलै २०२१ मध्ये, दोन्ही मांड्या आणि कंबर दुखते म्हणून. "जिना चढताना पाय उचलावा लागतो हाताने," असं त्या म्हणाल्या होत्या. जमिनीवर बसलं की उठताना कोणाचा तरी हात लागायचा. देवपूजा त्यांनी खुर्चीवर सुरू केली होती आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

लग्नानंतरची तीस वर्षं त्यांनी सदाशिव पेठेतल्या वाड्यात काढली. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, उन्हाळाभर राखण. वाडा पडला आणि त्या कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्या. गच्चीला कुलूप, बाल्कनीला सरकत्या काचा. रोज सकाळी आठ वाजता काचेआड बसून त्या "कोवळं ऊन" घेत. मार्च २०२० पासून कोविडमुळे सव्वा वर्ष घराबाहेर पाऊल नाही.

त्वचेत डी तयार होतं ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील-बी किरणांमुळे. साध्या काचेतून ते किरण जवळजवळ आत येत नाहीत. ऊब येते, उजेड येतो, डी येत नाही. सकाळी आठचं ऊन तिरपं असतं, त्यातही ते किरण वातावरणात गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराला, मेच्या मध्याला तर सावली पायाखालीच जाते. म्हणजे आपण ज्या उन्हाला टाळतो ते डीचं ऊन, आणि ज्याला चांगलं म्हणतो त्यात फारसं काही नाही. स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटरवर जाणाऱ्या आपल्या मुलीही त्याच दुपारच्या उन्हापासून स्वतःला झाकून घेतात. उन्हाने त्वचा भाजते हेही खरंच आहे, म्हणून तासन्‌तास उभं राहा असं मी कोणाला सांगत नाही. दहा-पंधरा मिनिटं, हात-पाय उघडे, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या त्वचेला थोडा जास्त वेळ लागतो.

काकूंचं डी तेव्हा आलं ७. कॅल्शियम ८.४, म्हणजे कडेला. हाडांची झीज दाखवणारं अल्कलाइन फॉस्फेटेज १९८, म्हणजे वाढलेलं, पॅराथायरॉईड हार्मोन १४२, जे साधारण ६५ च्या आत असतं. क्रिएटिनिन ०.८, स्वच्छ. या आकड्यांचा अर्थ असा की आतड्यातून कॅल्शियम शोषलंच जात नव्हतं, म्हणून पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून ते ओढून रक्तात भरत होत्या. हाडाचा सांगाडा उभा राहतो, पण त्यात चुना भरला जात नाही. मुलांमध्ये याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांमध्ये तो ऑस्टिओमलेशिया. मांड्यांचे स्नायूही याच कारणाने लुळे पडतात. तेव्हा हा आकडा नुसता कागदावरचा नव्हता. त्याच्यामागे दुखणं होतं, आणि त्याच्यासोबत तीच गोष्ट सांगणारे दुसरे तीन आकडे होते.

मी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे दिली, एकूण ४ लाख ८० हजार. सोबत कॅल्शियम, नाचणी, तीळ, दूध. आपल्या जेवणात कॅल्शियमच कमी असलं तर डीवरही ताण येतो, नुसतं डी देऊन भागत नाही. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेने वस्तीतल्या लहानग्यांना कॅल्शियम घातलेले लाडू देऊन अभ्यास केला होता. मला ती कल्पना नेहमीच आवडत आली आहे, कारण आपल्याकडे मूल लाडू खातं, औषधाला तोंड वाकडं करतं.

तीन महिन्यांनी डी ३४. जिना चढता येऊ लागला. मार्च २०२२ मध्ये काकू नातवाबरोबर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आल्या आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दवाखान्यात आल्या. हे औषध खरोखर काम करतं, याचा इतका देखणा पुरावा मला क्वचित मिळाला असेल.

पण माझ्या त्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "पुढे महिन्याला एक पुडी, चालू ठेवणे." किती दिवस चालू ठेवायची ते लिहिलं नव्हतं. थांबायची तारीख नव्हती, पुन्हा तपासायची तारीख नव्हती. ती चिठ्ठी काकूंनी देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी जपली. मेडिकलमध्ये ती दाखवली की औषध मिळत होतं. त्या घरात डी हे औषध न राहता खुराक झालं, आणि खुराक जितका जास्त तितका बरा.

ऑगस्ट २०२३ मध्ये मुलाच्या ऑफिसतर्फे घरच्यांची फुल बॉडी तपासणी झाली. काकूंचं डी २८. रिपोर्टवर ते ठळक छापून पुढे "अपुरे" असा शेरा. काकूंना तेव्हा काहीही होत नव्हतं, गुडघे वयाप्रमाणे कुरकुरत होते तेवढंच. त्या एका शेऱ्यातून पुड्या, इंजेक्शनं, बाटल्या हे सगळं निघालं.

तीसचा आकडा आला कुठून

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०११ मध्ये सांगितलं की हाडांसाठी रक्तातलं डी २० असलं की जवळजवळ सगळ्यांना पुरतं. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने ३० ही रेषा आखली आणि २१ ते २९ ला "अपुरे" म्हटलं. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात शहरातली प्रचंड संख्या बसते, आणि ती एका शेऱ्याने रुग्ण होते. काकू भरती होत्या त्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, एंडोक्राइन सोसायटीने नव्या मार्गदर्शिकेत ३० ची रेषा मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असं सांगितलं. छापील रिपोर्टांवर ती रेषा अजून दिसते. २८ या आकड्यावर काकूंना एकही पुडी लागत नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुलाने मला विचारलं, "डॉक्टर, डी कमी असलेल्यांना शुगर, हार्ट, कॅन्सर, डिप्रेशन सगळं जास्त होतं असं मी इतक्या ठिकाणी वाचलं. ते खोटं आहे का?"

ते खोटं नाही, आणि मी त्याला तसंच सांगितलं. ज्यांचं डी कमी त्यांच्यात हे आजार जास्त दिसतात. पण आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, त्याला ऊन लागत नाही. वजन जास्त असलं की डी चरबीत साठतं आणि रक्तात कमी दिसतं. अंगात दाह असला तरी पातळी उतरते. आजारामुळे डी कमी झालं की डी कमी असल्यामुळे आजार झाला, हे नुसत्या मोजमापाने ठरत नाही. त्यासाठी निम्म्यांना डी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

तसं थांबून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ लोक होते, रोज २,००० युनिट, सरासरी सव्वापाच वर्षं. कर्करोग होण्याचं प्रमाण किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पुढे २०२२ मध्ये हाडं मोडण्यातही फरक दिसला नाही. ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते आजार मात्र २२ टक्क्यांनी कमी दिसले, हेही सांगायला हवं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट देऊन पाहिलं, तिथे ठाम फायदा सिद्ध झाला नाही. यावर एक रास्त आक्षेप असतो की या लोकांचं डी मुळात बरं होतं, उपाशी नसलेल्याला जेवू घालून काय कळणार? तो आक्षेप मला पटतो. म्हणूनच मंगोलियातली चाचणी मला महत्त्वाची वाटते. तिथल्या ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले. बहुतेकांचं डी २० च्या खाली होतं. क्षयाचा संसर्ग तरीही कमी झाला नाही. आपल्या देशात क्षय घरोघरी माहीत आहे, त्यामुळे हे उत्तर आपल्याही कामाचं आहे.

आणि एकदम मोठ्या डोसांबद्दल. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांवरची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षातून एकदा पाच लाख युनिट. हाडं मजबूत होतील म्हणून दिलेल्या त्या डोसानंतर पडण्याचं प्रमाण १५ टक्के आणि हाड मोडण्याचं २६ टक्के वाढलं. काकूंना दोन महिन्यांत सहा लाखांची चार इंजेक्शनं मिळाली होती.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी आईला विष दिलं." त्याला मी म्हणालो, तुझ्या आईला या औषधाने एकदा उभं केलं होतं, त्यावर तू विश्वास ठेवलास. माझ्या चिठ्ठीवर थांबायची तारीख असती तर तू थांबला असतास.

शरीरात काय झालं

डी पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. सी किंवा बी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी जात नाही. मर्यादा ओलांडली की ते आतड्यातून कॅल्शियम ओढतं आणि हाडांतूनही सोडवतं. रक्तातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद घालवतं, म्हणून लघवी आणि तहान. पाणी गेलं की रक्त घट्ट, कॅल्शियम आणखी वर. आतडी मंदावतात, मेंदू धुकटतो. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं, जे लघवीवाटे कॅल्शियम जाऊ देत नाही. एरवी निरुपद्रवी असलेल्या त्या गोळीने बाहेर पडण्याचं दारही लावून घेतलं. शिवाय दिवसाला कॅल्शियमच्या दोन गोळ्या चालूच होत्या.

डी, कॅल्शियम आणि ती गोळी बंद केली. भरपूर सलाईन, कॅल्सिटोनिन, स्टिरॉईड, आणि क्रिएटिनिन थोडं उतरल्यावर हाडातून कॅल्शियम सुटणं थांबवणारं औषध. दूध, दही, नाचणी, तीळ काही आठवडे बंद. अडीच वर्षांपूर्वी मीच आग्रहाने सुरू केलेलं सगळं. पाचव्या दिवशी कॅल्शियम ११.६ झालं आणि काकूंनी मला नावाने हाक मारून विचारलं, "अहो डॉक्टर, संक्रांत होऊन गेली का?" मायलोमासाठी आणि इतर कर्करोगांसाठी केलेल्या तपासण्या निर्मळ आल्या. नवव्या दिवशी घरी. स्मरणशक्तीची गोळी थांबवली.

डी मात्र लवकर उतरत नाही. मार्चमध्ये १७०, जूनमध्ये ९८, ऑक्टोबरमध्ये ५४. तोपर्यंत दर काही आठवड्यांनी कॅल्शियम पाहावं लागलं, आणि पहिले काही महिने ज्या काकूंना मी उन्हात बसा म्हणून सांगत होतो त्यांना सावलीत बसा म्हणावं लागलं.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात चिठ्ठी लिहिण्याची पद्धत बदलली. डी लिहिलं तर मराठीत लिहितो, "दर रविवारी एक, फक्त आठ रविवार", आणि खाली शेवटच्या रविवारची तारीख. मग "ही चिठ्ठी या तारखेनंतर चालणार नाही." तपासणी मी अजूनही करतो, पण विचारून: मांड्यांत ताकद कमी, हाडं दुखतात, मूल चालायला लागल्यावर पाय वाकतात, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, अपस्माराची किंवा दीर्घकाळ स्टिरॉईडची औषधं, आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार. नुसता थकवा म्हणून आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, आणि झोप. आणि पहिला प्रश्न आता हाच विचारतो: "गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठलं इंजेक्शन घेतलंत? पावती आहे का?"

जानेवारी २०२५ च्या तपासणीत काकूंचं डी ३६, कॅल्शियम ९.८. क्रिएटिनिन १.३ वर थांबलं आहे, २०२१ चं ०.८ परत आलं नाही, आणि येईल असं मला वाटत नाही. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, आता पुडी कधी सुरू करायची. मी म्हणालो, या वर्षी नाही, एप्रिलमध्ये पुन्हा पाहू. सोसायटीच्या गच्चीची किल्ली त्यांनी मागून घेतली आहे. उन्हाळ्यात कुरडया घालणार आहेत.